उपवास सोडल्यानंतरची भूक: वजन टिकवायचं तर कोणत्या टप्प्यावर काय करावं

उपवास करून वजन उतरवू पाहणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. काटा झपाझप खाली गेला आणि आठ-दहा दिवसांत होता तिथे परत आला. निदानही ठरलेलं असतं: ‘माझा चयापचयच मंद आहे.’ चयापचय मंदावतो हे खोटं नाही, पण वजन परत येण्यातला त्याचा वाटा आपण समजतो त्याहून बराच लहान आहे. मोठा वाटा भुकेचा, आणि ही भूक आपला खरा जोर दाखवते ती उपवास सुटल्यावर.

याचा हिशोब मांडला गेला आहे. संशोधक केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांचा वर्षभराचा अभ्यास प्रसिद्ध केला. या रुग्णांना दिलेल्या औषधामुळे रोज थोडी साखर लघवीवाटे बाहेर पडत राहायची. त्यांनी डाएट केलं नव्हतं, उपवास केला नव्हता; कॅलरी जात होत्या त्या नकळत. तरीही वजन उतरू लागलं तशी त्यांची भूक वाढत गेली. दर किलोमागे रोजची भूक सुमारे १०० कॅलरींनी वाढली. शरीराचा खर्च मात्र किलोमागे २० ते ३० कॅलरींनीच कमी होतो. म्हणजे चार किलो उतरवलेल्या माणसाचं शरीर दिवसाला साधारण शंभर कॅलरी वाचवतं आणि चारशे जास्त मागतं. म्हणूनच या लेखातली जास्त जागा उपवास सोडल्यावर काय करायचं याला दिली आहे.

आधी हे तपासा

इथे उपवास म्हणजे साधारण १६ ते ३६ तास अन्न न घेणं, पाणी मात्र पुरेसं पिणं. याहून लांब उपवास डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करू नये.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या घेत असाल तर उपवासात साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. ग्लिफ्लोझिन गटातल्या गोळ्यांमध्ये धोका वेगळा: रक्तातली साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोन (चरबीपासून यकृतात बनणारी इंधनद्रव्यं) वाढून रक्त आम्लयुक्त होऊ शकतं, आणि घरी तपासलेल्या साखरेवरून ते कळत नाही. रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचे डोसही उपवासाआधी डॉक्टरांशी बोलून ठरवावे लागतात. गरोदरपण, स्तनपान, वाढीचं वय, १८.५ पेक्षा कमी बीएमआय, किंवा पूर्वी कधी खाण्याचा विकार झालेला असणं, यांपैकी काहीही लागू असेल तर उपवास तुमच्यासाठी नाही. यात तडजोड करू नका. गाऊटचा किंवा पित्ताशयातल्या खड्यांचा त्रास असणाऱ्यांनीही आधी विचारून घ्यावं. उपवासात यूरिक ॲसिड वाढतं, आणि वेगाने वजन उतरलं की खडे होण्याची शक्यता वाढते.

पायरी १: तासागणिक काय बदलतं ते समजून घ्या

शेवटचं जेवण पचत असतं तेव्हा, म्हणजे पहिले चार-पाच तास, इन्सुलिन वर असतं आणि शरीर साठवणुकीच्या कामात असतं. मग इन्सुलिन उतरतं, त्याच्या उलट काम करणारं ग्लुकागॉन हे हार्मोन चढतं, आणि यकृत आपल्याकडचं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, मोडून रक्तात साखर सोडू लागतं. यकृतातला हा साठा जेमतेम १०० ग्रॅमच्या आसपास असतो. दिवसभरात त्यातला बहुतेक संपतो. तोवर चरबीच्या पेशींमधून मेदाम्लं बाहेर पडायला लागलेली असतात आणि यकृत त्यांच्यापासून कीटोन बनवू लागतं. ग्रोथ हार्मोनही वाढतं, त्यामुळे स्नायूंमधली प्रथिनं मोडण्याचा वेग काहीसा आवरला जातो.

आता चयापचयाबद्दल. एक जेवण चुकलं की शरीर ‘उपासमारीच्या अवस्थेत’ जातं आणि चरबी जाळणं थांबवतं, असं सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. सडपातळ, निरोगी माणसांना चार दिवस उपाशी ठेवून केलेल्या एका अभ्यासात, जो २००० मध्ये प्रसिद्ध झाला, विश्रांतीच्या वेळचा ऊर्जाखर्च सुरुवातीच्या दिवसांत उलट वाढलेला दिसला, आणि त्याच्या जोडीला नॉरएपिनेफ्रिन या शरीराला चेतवणाऱ्या हार्मोनची पातळीही. खर्चाला खरी कात्री लागते ती कमतरता बरेच दिवस चालली आणि वजन लक्षणीय उतरलं की. तेव्हा थायरॉइडचं सक्रिय टी-३ हार्मोन घटतं, नाडीचा वेग मंदावतो, थंडी जास्त वाजते, आणि आपल्या लक्षातही न येता हालचाल कमी होते. एका दिवसाच्या उपवासाने चयापचय ‘बिघडत’ नाही. ही भीती मनातून काढून टाका, कारण तिच्यापायी लोक उपवास सोडताना गरज नसताना जास्त खातात.

पायरी २: भुकेची वेळ ओळखा

घ्रेलिन हे भूक वाढवणारं प्रमुख हार्मोन. जपानमध्ये मासायासु कोजिमा आणि केंजी कांगावा यांनी १९९९ मध्ये उंदराच्या जठरातून ते वेगळं केलं. ही २८ अमिनो आम्लांची छोटी साखळी असते, आणि तिला आठ कार्बनांचं एक मेदाम्ल जोडलेलं असतं. ते जोडलेलं नसेल तर भुकेचा निरोप मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपर्यंत पोचत नाही. घ्रेलिन प्रामुख्याने जठराच्या वरच्या भागात तयार होतं, जेवणाआधी चढतं आणि जेवल्यावर उतरतं.

उपवास करणाऱ्याच्या कामाची गोष्ट मात्र पुढची आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही निरोगी माणसांना ३३ तास उपाशी ठेवून त्यांचं घ्रेलिन सतत मोजलं गेलं. पोट रिकामं आहे म्हटल्यावर आलेख चढतच जाईल असं कोणालाही वाटेल. तसं झालं नाही. नाश्ता, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण यांच्या नेहमीच्या वेळा जवळ आल्या की घ्रेलिन वाढायचं, आणि काही न खाताच आपोआप खाली यायचं. अनेक दिवसांच्या उपवासाच्या अभ्यासांतही ते रोज नवी उंची गाठत गेलं नाही. ‘भूक मरते’ असं आपण म्हणतो ते याच उतारावर. कडकडून लागलेली भूक तास-दोन तास सोसली तर पुढच्या वेळेपर्यंत बऱ्यापैकी शांत होते.

याचा उपयोग असा करा. उपवास सुरू करण्याआधी आठवडाभर नेहमीसारखं जेवा आणि भूक लागेल ती वेळ फक्त लिहून ठेवा. बहुतेकांना तीन-चार ठळक वेळा सापडतात. उपवासाचे तास असे ठरवा की त्यातल्या कमीत कमी वेळा उपाशी काढाव्या लागतील; झोपेचे सात-आठ तास त्यात धरले की काम सोपं होतं. एकदा ठरवलेल्या वेळा रोज बदलू नका. घ्रेलिन सवयीने चालतं, त्यामुळे नव्या वेळापत्रकाचे पहिले काही दिवस जड जातात आणि मग जुन्या वेळेची भूक बोथट होते. वेळापत्रक दर दोन दिवसांनी हलवणारा माणूस ते जड दिवस पुन्हा पुन्हा भोगतो.

भूक उसळली की स्वयंपाकघरातून बाहेर पडा. अन्न दिसणं आणि त्याचा वास येणं एवढ्यानेही खाण्याची तयारी शरीरात सुरू होते. पाणी किंवा बिनसाखरेचा, बिनदुधाचा चहा-कॉफी घ्या, हाताला काम द्या, थोडं चाला. पण घाम सुटणं, हात थरथरणं, डोळ्यांपुढे अंधारी, बोलण्यात गोंधळ ही भूक नव्हे. तेव्हा उपवास त्याच क्षणी सोडायचा आणि साखरेचं काहीतरी घ्यायचं.

पायरी ३: लेप्टिनला फार घाबरवू नका

लेप्टिन चरबीच्या पेशींत तयार होतं आणि शरीरात किती साठा आहे हे मेंदूला कळवतं. जेफ्री फ्रीडमन यांच्या न्यूयॉर्कमधल्या रॉकफेलर विद्यापीठातल्या गटाने १९९४ मध्ये त्याचं जनुक शोधलं. तेव्हा मोठी आशा निर्माण झाली होती: लेप्टिन टोचलं की भूक आटोक्यात येईल आणि माणसं बारीक होतील. जन्मतःच लेप्टिन नसलेल्या मोजक्या रुग्णांत तसं घडलंही. पण लठ्ठपणा असलेल्या बहुतेकांच्या रक्तात लेप्टिन आधीच भरपूर असतं, मेंदू त्याला पुरेसा प्रतिसाद देत नसतो. तिथे आणखी टोचून फारसं काही साधलं नाही.

उपवासात लेप्टिनचं वागणं वेगळंच असतं. दीड दिवसाच्या उपवासात चरबी घटते ती अगदी थोडी, पण लेप्टिन निम्म्याहून खाली येऊ शकतं. बँकेत शिल्लक असूनही पगार थांबल्याबरोबर माणूस हात आखडता घेतो, तसं हे हार्मोन साठ्याइतकीच आवकही बघतं. त्याच्या घसरणीचा अर्थ मेंदू ‘टंचाई’ असा लावतो. हायपोथॅलॅमसमधल्या भूक चेतवणाऱ्या चेतापेशी जोरात काम करू लागतात, तृप्तीच्या पेशी मागे पडतात, आणि टंचाई लांबली तर थायरॉइड व प्रजननाची यंत्रणाही मंदावते. वजन उतरवलेल्यांना थोड्या मात्रेत लेप्टिन देऊन पातळी पूर्ववत केली, तर मंदावलेला ऊर्जाखर्च बराचसा भरून येतो असंही मायकेल रोझेनबाम आणि रुडॉल्फ लायबेल यांच्या अभ्यासांत दिसलं. म्हणजे हा मंदपणा बऱ्याच अंशी लेप्टिनच्या निरोपावरच बेतलेला असतो.

व्यवहारात यातून दोन गोष्टी निघतात. उपवास लहान ठेवा, आणि उपवास नसलेल्या दिवशी गरजेइतकं खा. उपवासाच्या आदल्या-नंतरच्या दिवसांतही अर्धपोटी राहिलं तर लेप्टिनला सावरायला वेळच मिळत नाही, आणि आठवड्याच्या शेवटी अन्नावर तुटून पडण्याची वेळ येते. ‘जमतंय तर आणखी ताणू’ हा उत्साह मला उपवासातला सगळ्यांत महागडा मोह वाटतो.

पायरी ४: काटा वाचायला शिका

उपवासाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दीड-दोन किलो कमी दिसले तर ती चरबी नाही. यकृत आणि स्नायू मिळून साधारण ५०० ग्रॅम ग्लायकोजेन साठवतात, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. हा साठा उतरला की पाणीही जातं. इन्सुलिन कमी झाल्यामुळे मूत्रपिंडं सोडियम जास्त बाहेर टाकतात, त्याच्यामागे आणखी पाणी जातं. आतडीही रिकामी असतात. खरी चरबी किती गेली याचा अंदाज साध्या गणिताने येतो: दिवसाचा खर्च २,००० कॅलरी धरला आणि तो सगळाच्या सगळा चरबीतून भागला असं मानलं तरी, एका किलो चरबीच्या ऊतीत सुमारे ७,७०० कॅलरी असल्याने, दिवसाला पाव किलोच्या थोडंसं वर जाते.

उपवास सोडल्यावर हेच उलट घडतं. कर्बोदकं आणि मीठ पोटात गेलं की दोन दिवसांत किलो-दीड किलो परत येतं. तेही चरबी नाही. इथेच माणसं खचतात, ‘सगळं पाण्यात गेलं’ म्हणून दुप्पट खातात किंवा लगेच दुसरा उपवास धरतात. म्हणून उपवासानंतरचे तीन दिवस काट्यावर उभे राहू नका, किंवा रोज सकाळी वजन घ्या आणि फक्त सात दिवसांची सरासरी पाहा. कंबरेचा घेर दोन आठवड्यांतून एकदा मोजा. पाण्याच्या या चढ-उताराने तो इतका फसत नाही.

पायरी ५: उपवास सोडतानाचं पहिलं ताट

सगळ्या लेखातली ही पायरी सर्वांत जास्त मेहनतीने सांभाळण्यासारखी आहे.

आधी एक दिलासा. ३६ तास उपाशी राहिलेल्या माणसांनी दुसऱ्या दिवशी मोकळेपणाने किती खाल्लं हे एका अभ्यासात मोजलं, तेव्हा ते नेहमीपेक्षा साधारण वीस टक्केच जास्त भरलं. म्हणजे भूक पूर्ण दिवसाची भरपाई एका दिवसात मागत नाही, तुटीतली बरीचशी शिल्लक राहते. ती जाते कुठे? एकतर ‘उपवास केला, आता हक्क आहे’ या विचारात, किंवा पुढच्या चार-पाच दिवसांच्या वरच्यावर खाण्यात.

ताटावर बसलात की शरीरात काय घडतं ते मिनिटांत पाहू. पहिले घास लहान आतड्याच्या सुरुवातीला पोचले की तिथल्या पेशी सीसीके हे तृप्तीचं हार्मोन सोडतात. स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं त्याला चालना देतात. जीएलपी-१ आणि पीवायवाय ही तृप्तीचीच आणखी दोन हार्मोन आतड्याच्या पुढच्या भागातून येतात, त्यांना अधिक वेळ लागतो, आणि पीवायवाय तर जेवणानंतर तास-दोन तास चढत राहतं. घ्रेलिनलाही खाली यायला अर्धा-पाऊण तास लागतो. भरभर जेवणारा माणूस दहा मिनिटांत ताट संपवतो तेव्हा यातला एकही निरोप धडपणे मेंदूत पोचलेला नसतो. पोट ताणलं गेलेलं असतं, पण वखवख शमलेली नसते, आणि त्याच अवस्थेत दुसऱ्यांदा वाढून घेतलं जातं.

म्हणून ताट दोन भागांत घ्या. पहिल्या भागात भाज्या आणि प्रथिनं: अंडी, मासे, दही, शिजवलेली कडधान्यं, जे तुमच्या खाण्यात असेल ते. प्रथिनं २५ ते ३० ग्रॅम पोटात जातील असं पाहा. अंदाजासाठी, दोन अंड्यांत साधारण १२ ग्रॅम आणि वाटीभर शिजवलेल्या कडधान्यांत १५ ग्रॅमच्या आसपास असतात. सावकाश चावून खा, मग दहा मिनिटं थांबा. धान्याचे पदार्थ, फळं आणि गोड यांचा नंबर त्यानंतर.

या क्रमामागे दोन कारणं आहेत. कर्बोदकं घ्रेलिनला झटकन खाली आणतात, पण काही तासांनी ते पुन्हा उसळतं, कधी जेवणाआधीपेक्षाही वर. प्रथिनं त्याला जास्त वेळ दाबून धरतात. नुसते स्निग्ध पदार्थ या कामात सगळ्यांत कच्चे. तळलेलं खाऊन जडपणा येतो तरी थोड्या वेळाने पुन्हा काहीतरी खावंसं वाटतं. दुसरं कारण साखरेचं. उपवास लांबला की स्नायू चरबीवर चालायला सरावलेले असतात आणि स्वादुपिंडाचा इन्सुलिनचा पहिला प्रतिसाद मंदावलेला असतो. अशा वेळी सरबत, मिठाई किंवा मोठी वाटीभर गोड खीर घेऊन उपवास सोडला तर साखर नेहमीपेक्षा उंच चढते. भाज्या आणि प्रथिनं आधी, कर्बोदकं शेवटी, एवढ्या अदलाबदलीने जेवणानंतरची साखर कमी चढते हे मधुमेहींवरच्या प्रयोगांतही दिसलं आहे.

ताटाकडे आपण कोणत्या नजरेने बघतो त्याचाही हार्मोनवर परिणाम होतो. २०११ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात तोच ३८० कॅलरींचा मिल्कशेक त्याच माणसांना दोनदा दिला गेला. एकदा त्यावर ‘६२० कॅलरी, चंगळीचा’ अशी चिठ्ठी होती, एकदा ‘१४० कॅलरी, हलका’ अशी. चंगळीचा समजून प्यायल्यावर घ्रेलिन कितीतरी अधिक उतरलं. उपवास सोडताना उभ्या-उभ्या, ‘हे काय, जरासंच खातोय’ म्हणत तोंडात टाकलेलं अन्न म्हणूनच अंगी लागतं पण भूक भागवत नाही. ताट वाढून घ्या, बसून जेवा, आणि हे पूर्ण जेवण आहे असं मानून जेवा.

पाच दिवसांहून अधिक काळ जवळजवळ काहीच न खाल्लेल्या, किंवा खूप अशक्त झालेल्या माणसाला हे ताट लागू नाही. अशा वेळी एकदम कर्बोदकं दिली तर इन्सुलिनच्या जोराने फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम रक्तातून पेशींत ओढले जातात, आणि हृदयाची लय बिघडण्यापर्यंत मजल जाऊ शकते. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या उपाशी कैद्यांमध्ये हे मृत्यू डॉक्टरांनी पाहिले. अशा माणसाचं खाणं रुग्णालयात, रक्त तपासत, थोडं थोडं आणि थायमिन (जीवनसत्त्व बी-१) देऊनच सुरू केलं जातं.

पायरी ६: पुढचे दोन दिवस, आणि त्यातली झोप

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळा नेहमीच्याच ठेवा. मधल्या वेळेचं खाणं आधीच ठरवून ठेवा, कारण ऐनवेळी घेतलेला निर्णय नेहमी सगळ्यांत गोड पदार्थाच्या बाजूने जातो. प्रत्येक जेवणात तंतुमय पदार्थ असू द्या. पातळ, गोड पेयांमधून कॅलरी घेऊ नका. त्यांनी पोट भरल्याची नोंद फारशी होत नाही.

झोपेबद्दल जरा आग्रहाने सांगायला हवं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं आणि त्याची तुलना दहा तासांच्या रात्रींशी केली. कमी झोपेनंतर लेप्टिन १८ टक्क्यांनी कमी होतं, घ्रेलिन २८ टक्क्यांनी जास्त होतं, आणि भुकेची भावना २४ टक्क्यांनी वाढली होती, तीही गोड-खारट, कर्बोदकांनी भरलेल्या पदार्थांची जास्त. म्हणजे जागरणाने लेप्टिन नेमकं त्याच दिशेला जातं ज्या दिशेला ते उपवासाने आधीच गेलेलं असतं. रात्रपाळी, प्रवास, परीक्षा किंवा लहान मूल यांमुळे झोप तुटणार हे माहीत असेल त्या आठवड्यात उपवास धरू नका. उपवासाच्या दिवशी दुपारनंतर कॉफीही बंद ठेवा. ती रात्रीची झोप उडवते.

पायरी ७: स्नायू वाचवा

वजनाबरोबर थोडे स्नायू जातातच, पण ते किती जावेत हे बऱ्याच अंशी आपल्या हातात असतं. त्याचं भुकेशी असलेलं नातं अँसेल कीज यांच्या प्रयोगातून समजतं. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ३६ तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं गेलं आणि त्यांचं वजन सुमारे चतुर्थांशाने उतरलं. दिवसभर त्यांच्या डोक्यात अन्नाशिवाय दुसरं काही नसे. ते पाककृतींची पुस्तकं वाचत, ताटातलं अन्न तासन्‌तास पुरवून खात. पुढे मोकळेपणाने खायला मिळाल्यावर त्यांची खाखा चरबी भरून निघाल्यावरही थांबली नाही. नंतरच्या विश्लेषणात दिसलं ते असं की गेलेलं स्नायूंचं वजन पूर्ण भरून येईपर्यंत ती टिकली, आणि तोवर चरबी पहिल्यापेक्षा जास्त चढून बसली होती.

तेव्हा उपवासाच्या आठवड्यात दोन-तीन दिवस ताकदीचा व्यायाम हवाच: उठाबशा, दंड, वजनं उचलणं, जे झेपेल ते. तो जेवणाच्या दिवशी ठेवा. दिवसभरातली प्रथिनं शरीराच्या वजनाच्या दर किलोला १.२ ते १.६ ग्रॅमपर्यंत न्या; मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टर ठरवतील. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ११६ जणांपैकी एका गटाने बारा आठवडे रोज आठ तासांतच खाल्लं, व्यायामाची किंवा प्रथिनांची काहीच सूचना नव्हती. त्यांचं वजन दुसऱ्या गटापेक्षा लक्षणीय उतरलं नाही, आणि जे उतरलं त्यात चरबी सोडून इतर वजनाचा वाटा काळजी वाटावी इतका मोठा होता.

पायरी ८: वर्षभराची तयारी ठेवा

भूक महिन्याभरात पूर्ववत होते असं समजू नका. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात जादा वजनाच्या ५० जणांना दहा आठवडे अत्यंत कमी कॅलरींवर ठेवलं होतं. वर्षानंतर मोजलं तेव्हाही घ्रेलिन मूळ पातळीपेक्षा वर, लेप्टिन आणि पीवायवाय खाली, आणि भूक वाढलेलीच होती. वजन परत चढू लागलं की माणूस स्वतःला दुबळ्या मनाचा ठरवतो. त्याच्या रक्तातले आकडे दुसरंच सांगत असतात.

हे धरून योजना आखा. जितकं जास्त उतरवाल तितकी ही ओढ वाढते, म्हणून एकूण वजनाच्या पाच ते दहा टक्के इतकंच पहिलं लक्ष्य ठेवा आणि तिथे काही महिने थांबा. त्या काळात रोजचं चालणं वाढवा. भूक तरीही आवरत नसेल आणि वजनामुळे रक्तदाब, साखर, सांधे यांचा त्रास सुरू असेल, तर जीएलपी-१ वर आधारलेल्या औषधांबद्दल डॉक्टरांशी बोलण्यात कमीपणा नाही. नैसर्गिक जीएलपी-१ रक्तात दोन मिनिटांत निम्मं होतं. सेमाग्लुटाइडसारखं औषध आठवडाभर टिकेल असं घडवलेलं आहे. पण ते बंद केल्यावर भूक परत येते, हे धरूनच ते सुरू करायचं असतं.

पायरी ९: चार आठवड्यांनी निर्णय घ्या

महिन्याच्या शेवटी तीन नोंदी समोर ठेवा: वजनाची साप्ताहिक सरासरी, कंबरेचा घेर, आणि उपवासानंतरच्या दोन दिवसांत हाताबाहेर खाणं किती वेळा झालं. सरासरी उतरत असेल, कंबर कमी होत असेल आणि खाणं आवाक्यात असेल, तर चाललंय ते चालू द्या. सरासरी जागच्या जागी असेल तर उपवास वाढवण्याआधी पायरी ५ आणि ६ नीट पाळल्या जात आहेत का ते पाहा. चक्कर, केस गळणं, पाळी अनियमित होणं किंवा सतत थंडी वाजणं सुरू झालं असेल तर उपवास थांबवून तपासणी करून घ्या.

आणि तिसरी नोंद वाईट असेल, म्हणजे प्रत्येक उपवासानंतर पोटाला तड लागेपर्यंत खाल्लं जात असेल, तर उपवास सोडून द्या. त्याने हातचं काही जात नाही. चीनमध्ये १३९ जणांवर वर्षभर चाललेली चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात दोन्ही गटांना सारख्याच कमी कॅलरी दिल्या होत्या. एका गटाने त्या सकाळी आठ ते दुपारी चार या वेळेतच खायच्या होत्या, दुसऱ्यावर वेळेचं बंधन नव्हतं. वर्षाअखेरीस पहिल्याचं वजन सरासरी ८ किलोने आणि दुसऱ्याचं ६.३ किलोने उतरलं. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने लक्षणीय ठरला नाही. तुम्हाला दिवसाला तीन वेळा, थोडं कमी, प्रथिनं भरून जेवणं सोपं जात असेल तर तोच तुमचा मार्ग, आणि वरच्या पायऱ्यांतल्या ताटाच्या, झोपेच्या आणि व्यायामाच्या सूचना त्यालाही जशाच्या तशा लागू आहेत.